आजोबा जेलमध्ये गेले, मी गप्प बसलो, मुलगी ग्रुपवर भांडते... बोलायचं स्वातंत्र्य नक्की कुठल्या पिढीला कळलंय?

इंदिरानगरकर | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलोय कारण घरात तीन दिवस अबोला आहे आणि मी नक्की कोणाच्या बाजूने आहे तेच मला कळेनासं झालंय.

आमची सोसायटी ४८ फ्लॅटची. कमिटीने ठरवलं की यापुढे बॅचलर पोरांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. चेअरमन साहेबांनी तसा मेसेज ग्रुपवर टाकला, खाली वीसेक अंगठे आणि जोडलेले हात. आमची कन्या (वय २०, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) त्याच ग्रुपवर लिहिते, "काका, हे बायलॉजमध्ये कुठे लिहिलंय तेवढं पान टाकता का?" बस्स एवढंच. त्यावर उत्तर काय, तर "घरातल्या मोठ्यांनी लहानांना आवरावं ही नम्र विनंती." मग तिने परत लिहिलं, मग अजून दोघं तिच्यावर घसरले, आणि साडेदहाला ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' झाला. आता तिथे फक्त पाण्याच्या टँकरची वेळ येते.

मी तिला म्हणलं, डिलीट कर, रोज लिफ्टमध्ये तोंडं बघायची आहेत आपल्याला. ती नाही म्हणाली. माझे वडील (वय ७९) मात्र खूश. ते आणीबाणीत मिसाखाली (खटल्याशिवाय डांबून ठेवायचा कायदा) नाशिकरोडच्या जेलमध्ये होते, १४ महिने. म्हणाले, "बोलू दे तिला, आमचं रक्त आहे."

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्याच दिवशी कळलं की तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगला एक कॉमेडीवाला येणार होता, तो बायकांबद्दल घाणेरडं बोलतो म्हणून त्याचा कार्यक्रम रद्द करा असा अर्ज पोरांनी दिलाय आणि त्यावर हिची सही दुसरी आहे. आणि झाला कार्यक्रम रद्द! वडील संतापले. "आम्ही आत गेलो ते दुसऱ्याचं तोंड बंद करायला नाही." तर ही म्हणते, "आजोबा, जेवताना तुम्ही आईला 'तू गप्प बस' किती वेळा म्हणता ते मी मोजलंय. काल तीनदा."

तेव्हापासून अबोला. प्रश्न असा की पिढी बदलली की बोलण्याच्या स्वातंत्र्याचा अर्थच बदलतो का? का प्रत्येकाला आपलंच स्वातंत्र्य दिसतं? तुमच्या घरी काय चित्र आहे?

तर्रीबाज | रात्री ११:५२

पहिला नंबर माझा. शेव, कांदा, लिंबू घेऊन बसलोय. पोरीला माझा सलाम कळवा भो.

जेलरोडचा_जुना | रविवार, सकाळी ६:१५

इंदिरानगरकर, तुमचे वडील आत होते तेव्हा मी त्याच भिंतीच्या बाहेर राहत होतो. वय १९. पुढे प्रेसमध्ये लागलो. (बाहेरगावच्यांसाठी : नाशिकरोडला प्रेस म्हणजे नोटांचा कारखाना. त्यामुळे 'प्रेसचं स्वातंत्र्य' म्हणलं की आमच्याकडे लोक हसतात, कारण ह्या प्रेसमधून सुटताना रोज अंगझडती द्यावी लागायची, कागदाचा कपटा बाहेर आणायची सोय नाही.)

आता एक खरं सांगतो, राग मानू नका. आणीबाणीत सगळी पिढी लढली असं आता सगळे सांगतात. तसं काही नव्हतं. आमच्या चाळीत १६ बिऱ्हाडं, त्यातलं एक माणूस आत गेलं. बाकी १५ बिऱ्हाडांत काय बोलणं चाले? गाड्या वेळेवर येतात, साहेब वेळेवर येतो, बरं झालं शिस्त आली. ऑफिसात 'बातें कम, काम ज़्यादा' अशी पाटी होती आणि ती कोणाला खटकत नव्हती. त्या एका घरी मात्र कोणी चहाला जाईना. मुलाखतीच्या दिवशी बायका डबे घेऊन जेलच्या गेटबाहेर उभ्या असायच्या, त्यांच्याकडे न बघता आम्ही सायकल पुढे काढायचो. मी पण.

दुर्गाबाई भागवत १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष होत्या आणि समोर सरकारमधले लोक बसलेले असताना बोलल्या, पुढे अटक झाली त्यांना. ते आम्हाला कळलं पण कुजबुजीतून. पेपर सेन्सॉर व्हायचे.

तेव्हा तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण त्यांच्या वयाचे सगळेच तसे होते असं मुलीला सांगू नका, ते खोटं आहे.

मुक्ता_सिडको | सकाळी ९:३०

काका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, "मी पण" हे दोन शब्द लिहायला हिंमत लागते.

मी २२ ची आहे, म्हणजे ह्या धाग्यातली आरोपी पार्टी. आमच्या बाजूचं थोडं ऐका. तुम्ही लोक कट्ट्यावर काहीही बोलायचात, शिव्या द्यायचात, नेत्यांच्या नकला करायचात आणि घरी जायचात. बोललेलं तिथेच विरायचं. आमचं विरत नाही. माझ्या मावसबहिणीचं स्थळ मोडलं, का? तर मुलाच्या आईने तिच्या तीन वर्षांपूर्वीच्या स्टोरीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. स्टोरी २४ तासात जाते म्हणतात, जात नाही, कोणाच्या तरी गॅलरीत जिवंत राहते. मी जिथे इंटर्नशिपला आहे तिथे जॉइन व्हायच्या आधी एचआरने माझं इन्स्टा मागितलं. सरळ.

म्हणून आम्ही दोन अकाउंट ठेवतो, एक आत्याला दाखवायचं आणि एक खरं. आणि खऱ्यावर पण विचार करून बोलतो. मग कोणी म्हणतं तुमची पिढी घाबरट, कोणी म्हणतं तुमची पिढी फार बोलते. ठरवा काय ते.

कॉमेडीवाल्याबद्दल : त्याला कोणी जेलात टाका म्हणत नव्हतं. आमच्या फीच्या पैशातून त्याला मानधन देऊ नका, एवढंच. हे तोंड बंद करणं कसं झालं?

अंबडचा_फिटर | सकाळी ९:४८

मानधन नका देऊ ठीक आहे, पण ज्या पोरांना त्याला ऐकायचं होतं त्यांची फी नव्हती का त्यात? तुम्ही जाऊ नका ना कार्यक्रमाला. बाहेर काळे झेंडे दाखवा. प्रश्न विचारा त्याला तोंडावर. येऊच द्यायचं नाही हे मला पटत नाही, मग तुमच्यात आणि त्या चेअरमनमध्ये फरक काय, त्याने ग्रुप बंद केला तुम्ही स्टेज बंद केलं.

मुक्ता_सिडको | सकाळी ९:५५

चेअरमनकडे बटण आहे दादा. आमच्याकडे फक्त अर्ज होता. बटण प्राचार्यांनी दाबलं.

तर्रीबाज | सकाळी १०:०१

हे भारी होतं. फिटर भाऊ, इनो पाठवू का?

कोर्टाच्या_पायरीवरून | दुपारी १२:२०

कायद्याचं थोडं बोलतो, कारण दोन गोष्टींची खिचडी होतेय.

घटनेच्या कलम १९(१)(अ) मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य हे प्रामुख्याने सरकारविरुद्ध आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ॲडमिनने तुम्हाला गप्प केलं तर ते वाईट आहे, उर्मट आहे, पण त्यासाठी १९ घेऊन कोर्टात जाल तर न्यायाधीश चष्म्यावरून बघतील. उलट बाजूने, ॲडमिन लोक "ग्रुपवर कोणी काही लिहिलं तर मी आत जाईन" म्हणून घाबरवतात, तेही अर्धवट आहे. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की सदस्याच्या पोस्टसाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही.

आता पिढीचं. १९(२) मध्ये जे निर्बंध आहेत त्यातला 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्द मूळ घटनेत नव्हताच, तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. म्हणजे ज्या पिढीने घटना लिहिली त्याच पिढीने दीड वर्षात लगाम आवळला. मग कुठली पिढी स्वातंत्र्यवादी म्हणायची?

आणि दुसरं टोक बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं. दोघींना अटक. त्यावरून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ ला (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिलं म्हणून अटक करता यायची ते कलम) आव्हान द्यायला सुप्रीम कोर्टात कोण गेलं? श्रेया सिंघल, वय तेव्हा २१. २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. तेव्हा आम्ही चाळीस-पन्नाशीचे वकील चहा पीत "काही होणार नाही" म्हणत होतो, हे मी शपथेवर सांगू शकतो. वर गंमत म्हणजे रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्यांत ६६अ खाली गुन्हे दाखल होत राहिले, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच धक्का बसला हे ऐकून.

अवांतर : आदर्श उपविधीप्रमाणे (म्हणजे तेच बायलॉज) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. कन्येचा प्रश्न बरोबर होता. चेअरमनकडे ते पान नाहीच, म्हणून चिडले.

इंदिरानगरकर | दुपारी १२:४४

वकील साहेब, हे वाचून दाखवलं घरात. कन्या पहिल्यांदा हसली. वडील म्हणाले, "बघ, कायदा वाचावा लागतो." ती म्हणाली, "आजोबा, मी वाचला होता." परत अबोला.

गावातला_पंचा | दुपारी १:१०

आजकालच्या पोरांना मोठ्यांचा मान नाही हेच खरं. आमच्या वेळी वडिलांसमोर [प्रतिसादातील पुढील मजकूर वैयक्तिक टिप्पणीमुळे काढला आहे – संपादक]

तर्रीबाज | दुपारी १:१३

बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या धाग्यावर पहिली कात्री लागली हो! पेढे वाटा!

दहीपुलावरची | दुपारी २:०५

इतिहासाचं थोडं, कारण हे गाव विसरतं. आपल्या नाशकात शब्दाची किंमत एकदा फार मोठी मोजली गेलीय. बाबाराव सावरकरांनी कविता छापल्या म्हणून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप, काळं पाणी. कवितांसाठी! त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात नाटक चालू असताना अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पोरगा अठराचा. एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या जेलमध्ये फाशी. आणि १९१० मध्येच सरकारने प्रेस ॲक्ट आणला, छापखान्यांकडून जामीन रकमा मागायला लागले.

मला ह्यात गोळीचं समर्थन करायचं नाहीये. पण क्रम बघा, आधी कविता बंद, मग गोळी, मग अजून बंद. मेनरोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहितीये? मी शाळेत असताना आम्हाला फक्त तारीख पाठ करायला लावली होती.

निळ्या_पाटीचा | दुपारी ३:३०

धागा वाचतोय सकाळपासून. पिढ्या पिढ्या चाललंय, पण कोणाच्या पिढ्या हे कोणी विचारत नाही.

आमच्या पणजोबांच्या पिढीत बोलायचं स्वातंत्र्य राहू द्या, रस्त्यावरून चालायचं नव्हतं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारांवर सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. मागणी काय होती? आत येऊ द्या. एवढंच वाक्य. रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगड पडले आमच्या माणसांवर. पाच वर्षं चाललं ते, दार उघडलं नाही, आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. ते भाषण इथून ऐंशी किलोमीटरवर झालंय मंडळी, कधी येवल्याला पैठणी घ्यायला गेलात तर तिथेही थांबा.

तर पणजोबा अंगठेबहाद्दर, पण सभेत घोषणा द्यायचे. आजोबा दुसरी पास, पत्रं लिहायचे. वडील तलाठी, ते मात्र ऑफिसात एक शब्द बोलायचे नाहीत, घरी येऊन बोलायचे. मी सगळीकडे बोलतो पण आडनाव लपवून, इथेही. आता सांगा स्वातंत्र्य वाढलं का कमी झालं? पिढीप्रमाणे सरळ रेघ जात नाही ही. माझे वडील आजोबांपेक्षा भित्रे नव्हते, त्यांच्याकडे गमवायला नोकरी होती. आजोबांकडे काहीच नव्हतं.

आणि बोलणं बंद करायला सरकारच लागतं असं नाही. जातपंचायती काय करायच्या? वाळीत टाकायच्या. २०१३ मध्ये नाशिकात बापानेच गरोदर मुलीला मारलं, जातीबाहेर लग्न केलं म्हणून, त्यानंतर इथूनच जातपंचायतींविरुद्धची मोहीम उभी राहिली आणि पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला, २०१७ पासून लागू आहे. तिथे बोललेल्या बायका पन्नाशीच्या पण होत्या आणि विशीच्या पण.

मुक्ता_सिडको | दुपारी ३:४१

"त्यांच्याकडे गमवायला नोकरी होती"... हे वाक्य मी माझ्या बाबांना पाठवतेय.

चष्मेवाल्या_मॅडम | दुपारी ४:२०

कॉलेजात शिकवते, २३ वर्षं झाली. वर्ग कसा बदलला ते सांगते. पूर्वी राज्यशास्त्राच्या तासाला एखादा विषय काढला की मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडायचंच, "मॅडम, हे चुकीचं आहे!" आणि पुढची वीस मिनिटं मासळीबाजार. मला आवडायचं. आता विषय काढला की सगळे खाली बघतात. तास संपला की दोघीतिघी स्टाफरूमच्या दाराशी येऊन हळूच बोलतात. आणि बोलतात ते फार छान असतं! मग वर्गात का नाही बोललात? "मॅडम, कोणीतरी रेकॉर्ड करतं."

मी पण बदललेय, खोटं कशाला बोलू. पूर्वी जे उदाहरण सहज द्यायचे त्याच्या आधी आता नजर मोबाईल धरलेल्या हातांवर जाते.

एकच जागा अजून जुनी वाटते, मे महिन्यात गोदाघाटावर होणारी वसंत व्याख्यानमाला. यशवंतराव महाराज पटांगणात उकाड्यात बसायचं. माझे वडील हाताला धरून न्यायचे. व्याख्यान संपल्यावर एक आजोबा उठून वक्त्याला म्हणाले होते, "आपण पाऊण तास बोललात, त्यातली पाच मिनिटं चांगली होती." आणि वक्ता हसला होता. पण तिथे आता विशीतलं किती जण दिसतं? माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं तर म्हणतात लिंक पाठवा.

तर्रीबाज | दुपारी ४:२८

मॅडम तुमचा प्रतिसाद तीन परिच्छेदांचा, त्यातला दीड चांगला होता. (हसा की.)

चष्मेवाल्या_मॅडम | दुपारी ४:३१

हसले. बाकावर उभा राहा.

अटलांटाचा_नाशिककर | संध्याकाळी ७:५०

इकडे सकाळ आहे, चहा घेत वाचलं सगळं. मूळ प्रश्नावर अमेरिकेत बरंच मोजमाप झालंय म्हणून सांगतो, तिथलं इथे जसंच्या तसं लागू करू नका.

१९५० च्या दशकात, कम्युनिस्टांची भीती टिपेला असताना, सॅम्युएल स्टाउफर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने लोकांना विचारलं की कम्युनिस्ट माणसाला तुमच्या गावात भाषण करू द्याल का, नास्तिकाला करू द्याल का. निष्कर्ष, तरुण आणि शिकलेले लोक जास्त 'बोलू द्या' म्हणणारे. मग १९६४ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या आवारात राजकीय प्रचार करू द्या म्हणून आंदोलन केलं. म्हणजे तरुण = बोलू द्या, म्हातारे = गप्प करा, असं समीकरण पक्कं बसलं.

आणि मग २०१५ मध्ये प्यू रिसर्च ह्या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने विचारलं, अल्पसंख्याकांचा अपमान करणारी वक्तव्यं सरकारने रोखावीत का. तेव्हाच्या तरुण मिलेनियल गटातले ४० टक्के हो म्हणाले, बूमर म्हणजे त्यांच्या आईबापांच्या वयाचे २४ टक्के, आणि त्याहून म्हाताऱ्या पिढीचे १२ टक्के. समीकरण उलटं! अर्थात अर्ध्याहून जास्त तरुण तेव्हाही 'रोखू नका' बाजूलाच होते, ते कोणी सांगत नाही.

माझं मत सांगतो. दोन्ही वेळा प्रश्न वेगळा होता. १९५४ ला प्रश्न होता 'सरकारला न आवडणारा' माणूस बोलू शकतो का. २०१५ ला प्रश्न होता 'दुबळ्याला दुखावणारा' बोलू शकतो का. इंदिरानगरकर, तुमच्या घरात हेच झालंय. आजोबांना बोलणारा म्हणलं की जेलमधला माणूस दिसतो. नातीला बोलणारा म्हणलं की माईक हातात असलेला माणूस दिसतो. दोघं एकाच शब्दाने दोन वेगळ्या माणसांबद्दल भांडतायत.

अंबडचा_फिटर | रात्री ८:१५

हे छान मांडलं. पण माझा प्रश्न तसाच राहतो. माईक आज ज्याच्या हातात आहे उद्या त्याच्या हातातून जातो. मग 'दुखावलं' कोण ठरवणार? ज्याच्याकडे बटण तो. आमच्या कंपनीत युनियनच्या पोराने बोर्डवर व्यंगचित्र लावलं तर 'सुपरवायझरच्या भावना दुखावल्या' म्हणून मेमो आला. भावना काय सगळ्यांनाच असतात हो, मॅनेजमेंटला पण.

निळ्या_पाटीचा | रात्री ८:२२

फिटर भाऊ, ह्यात तुमच्याशी सहमत. ज्यांनी दगड मारले त्यांच्याही भावनाच दुखावल्या होत्या.

मुक्ता_सिडको | रात्री ८:४०

हम्म. ह्यावर विचार करते. कॉमेडीवाल्याबद्दल अजून माझं मत तेच आहे पण आता ते मांडायला जास्त वेळ लागेल.

म्हसरूळचा_डॉक्टर | रात्री ९:०५

सगळे तरुणांना धरून बसलेत, म्हाताऱ्यांच्या फॉरवर्डबद्दल कोणीच बोलेना? १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. इथून किती लांब आहे ते? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

माझ्या दवाखान्यात येणारे सत्तरीतले पेशंट बीपीची गोळी विसरतात पण सकाळचे बारा फॉरवर्ड विसरत नाहीत. "खरं की खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं" असं खाली लिहून. हे पण बोलण्याचं स्वातंत्र्यच का? माझ्या लेकाने, वय १६, त्याच्या आजीला फोटो उलटा शोधायचा कसा ते शिकवलं. आता आजी नातेवाईकांच्या ग्रुपवर सगळ्यांना खोटं पाडत फिरते, तिला दोन ग्रुपमधून काढलंय.

तर्रीबाज | रात्री ९:१०

आजीला तिसऱ्या ग्रुपचं ॲडमिन करा, मी जॉइन होतो.

सातपूरची_सुगरण | रात्री १०:३०

मी क्वचित लिहिते. पण कालपासून मला एक गोष्ट टोचतेय. इंदिरानगरकर भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये तुमचे वडील बोलले, मुलगी बोलली, तुम्ही बोललात, चेअरमनसुद्धा बोलला. ज्या बाईला जेवताना तीनदा गप्प बस म्हणलं गेलं तिचं एक वाक्य नाही त्यात. वकील आले, अटलांटा आलं, काळाराम आलं, कोणीच विचारलं नाही की वहिनींचं काय म्हणणं आहे.

चष्मेवाल्या_मॅडम | रात्री १०:३४

अरेच्चा. मीही नाही विचारलं.

जेलरोडचा_जुना | रात्री १०:४०

ताई, कान उपटलेत. गेटबाहेर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांचं मी लिहिलं, पण त्यांच्यातलीही एकही माझ्या गोष्टीत बोलत नाही. आत्ता लक्षात आलं.

इंदिरानगरकर | सोमवार, रात्री ११:०५

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आज संध्याकाळी खरंच विचारलं. सुगरणताई, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला विचारायला चाळीस लोकांची परवानगी लागली का?"

मग जे कळलं ते असं. ज्या रात्री ग्रुप बंद झाला त्याच्या दुसऱ्याच सकाळी हिने फुलस्केपवर अर्ज लिहून सेक्रेटरीकडे दिला होता. कमिटीच्या सभेचं इतिवृत्त आणि ठरावाची प्रत मिळावी म्हणून. दुसऱ्या कागदावर 'पोच मिळाली' सही-तारखेसह घेऊन ठेवलीये, ती मिक्सरच्या वॉरंटी कार्डाच्या पिशवीत. फ्लॅट तिच्या नावावर आहे, सभासद तीच आहे, मी फक्त ग्रुपवर आहे. हे मी ११ वर्षांत एकदाही लक्षात घेतलं नव्हतं. ती ग्रुपवर नाहीच. "तिथे बोलून काय होतं," म्हणे.

वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "पोच घेतलीय ना?" चौकशी फक्त तेवढीच. रात्री जेवताना मात्र कोणाला गप्प बस म्हणाले नाहीत. कन्येने माझ्याकडे बघून बोटांनी शून्य केलं.

कॉमेडीवाल्यावरून दोघांचं अजून जुळलेलं नाही. आज परत वाजलं, पण बोलून वाजलं.

कोर्टाच्या_पायरीवरून | रात्री ११:१२

वहिनींना सांगा, प्रत मुदतीत मिळाली नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज. मसुदा मी करून देतो, फी एक प्लेट मिसळ.

सातपूरची_सुगरण | रात्री ११:१५

मसुदा कशाला, त्या लिहितील. फुलस्केप आहे अजून.

तर्रीबाज | रात्री ११:१८

वकील साहेब, फीची मिसळ कुठली ते आधी ठरवा. काळी तर्री का लाल, ह्यावर वेगळा धागा काढतो, तिथे संपादकांना पण कात्री पुरणार नाही.

गावातला_पंचा | रात्री ११:२६

माझा काल दुपारचा प्रतिसाद कापला त्यात मी काय वाईट लिहिलं होतं ते तरी सांगा कोणीतरी.

संपादक | रात्री ११:३०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. वाचून बघा.

गावातला_पंचा | रात्री ११:४७

वाचलं. बरं. पहिलं वाक्य मात्र राहू द्या.